आप्पांचा खोकला

लीड्स

वहिनी,

नमस्कार. बिबड्यांचं पार्सल मिळालं, निम्म्यांचा चुरा झालाय पण इथे कुणाला देणारे मी.

काल फोनवर आप्पांचा खोकला ऐकला. तुम्ही म्हणता बागेतल्या धुळीने झालाय, सिरपच्या बाटल्या संपल्या तरी फरक नाही. पण कफ नाही, ताप नाही, नुसता घसा खवखवून कोरडा खोकला, तोही बीपीची गोळी बदलल्यापासून, म्हणून मला त्या गोळीवरच डाऊट आहे. फोटोत पाकिटावर रॅमिप्रिल दिसतंय. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, ज्या नावांच्या शेवटी प्रिल येतं त्या गोळ्यांनी काही जणांना असाच खोकला लागतो, कधी आठवड्यात तर कधी काही महिन्यांनी, आणि त्याला सिरप काय करणार. डॉक्टर बहुतेक टेल्मिसार्टनसारखी दुसरी देतील, तरी खोकला जायला महिनाभर, कधी त्याहून जास्त लागतो. तोवर मनाने गोळी बंद करू नका, बीपी चढेल. पण ओठ, जीभ नाहीतर चेहरा सुजला तर पुढची गोळी द्यायची नाही, लगेच 108 लावायचा, रात्रीचे 3 वाजले असले तरी.

आणि गुडघ्यासाठी मेडिकलवरून परस्पर आणतात ती डायक्लोफेनॅक आधी थांबवा. रॅमिप्रिल, सोबत ती लघवी होण्याची गोळी आणि वरून हे पेनकिलर, तिन्ही एकत्र किडनीला जड जातात, त्यात आपल्याकडचं मे महिन्याचं 45 डिग्रीचं ऊन आणि आप्पा बागेत गेले की पाणी प्यायचं विसरतात. लघवी कमी झाली, पाय सुजले, शी डांबरासारखी काळी झाली तर वाट बघू नका. आप्पा म्हणतीलच "काही व्हत नही", त्यांचं ऐकू नका. दुखलंच तर पॅरासिटामॉल 500 ची एक, पण सर्दीच्या गोळीतपण तीच असते, डबल होऊ देऊ नका.

इथे वॉर्डात गोळी हातात देण्याआधी दरवेळी ॲलर्जी विचारतो, असेल तर पेशंटच्या मनगटाला लाल पट्टी. आप्पांना पेनिसिलिनने अंगभर गांधी उठल्या होत्या ते फाईलवर मोठ्या अक्षरात लिहा, ॲमॉक्सिसिलिन त्याच घरातली आहे.

सोमवारी दादा चोपड्याला नेतील तेव्हा सगळी पाकिटं पिशवीत टाकून न्या, रिकामी पण, आणि गुडघ्याची लपवलेली पण. उशीखाली बघा.

तुमची
सुनी