प्लग काढला म्हणजे वीज गेली असे नव्हे

संपादक महोदय,
स. न.

मागच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तूंना नवे रूप देण्यावर एक लेख आला होता. त्यात नाणे टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या उभ्या पेटीचे उदाहरण दिले होते. पेटीच्या पोटातले ‘निकामी सामान’ काढून टाकायचे, सपाट स्क्रीन बसवायचा, हजारभर गेम भरलेला छोटा बोर्ड लावायचा, बाहेरून रंग मारायचा, झाले काम. फोटोत पेटी झकास दिसत होती. पण लेखातले एक वाक्य मी दोनदा वाचले. प्लग काढला की आत हात घालायला धोका नाही, असे त्यात होते. हे पत्र आधी त्या एका वाक्यासाठी आहे, बाकीचे नंतर.

या पेट्यांत जुन्या टीव्हीसारखी पिक्चर ट्यूब असते. तिला चालायला हजारो व्होल्ट लागतात. रंगीत ट्यूब असेल तर आकडा वीस-पंचवीस हजारांच्या घरात जातो. आणि ट्यूबची काच स्वतःच कपॅसिटरसारखी ती वीज धरून बसते. प्लग काढून रात्र उलटली तरी ट्यूबच्या पाठीवरच्या रबरी टोपीखाली ती दबा धरून असू शकते. ती कशी उतरवायची ते मी एका जाणत्या टीव्ही मेकॅनिकसमोर उभे राहून शिकले. चांगल्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला वायर गुंडाळायची, वायरचे दुसरे टोक ट्यूबच्या लोखंडी चौकटीला चिमट्याने पकडायचे, एक हात पाठीमागे ठेवायचा (वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडू नये म्हणून) आणि पाते हळूच टोपीखाली सरकवायचे. पहिल्या खेपेला काहीच झाले नाही, कारण आमचे यंत्र कित्येक वर्षे बंदच होते. दुसऱ्या खेपेला आदल्या संध्याकाळी ते तपासायला पाच मिनिटे चालू केले होते. त्या वेळी ‘टक्’ असा कोरडा आवाज झाला आणि माझ्या कपाळाला घाम फुटला. प्लग रात्रभर काढलेला होता. हे वाचून कोणी एकट्याने प्रयोग करू नये. जाणता माणूस शेजारी नसेल तर मागचे दार बंदच राहू द्यावे.

आता ‘निकामी सामान’ या शब्दाबद्दल.

मी हिशेबनीस आहे. इलेक्ट्रॉनिक्सचा आणि माझा संबंध दोन वर्षांपूर्वीपर्यंत बल्ब बदलण्यापुरताच होता. आमच्याकडे ‘स्पेस इन्व्हेडर्स’चे उभे यंत्र आहे. वरून रांगेने उतरणाऱ्या परग्रहावरच्या राक्षसांना खालून गोळ्या घालायच्या, असा हा खेळ. हा गेम जपानच्या टायटो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी बनवला आणि तो १९७८ साली बाजारात आला. आमची पेटी मिडवे कंपनीने अमेरिकेत काढलेल्या नमुन्याची. एक खेळघर बंद पडले तेव्हा माझ्या मामाने ती उचलून आणली. मामाचे लग्न झाले नव्हते, त्यामुळे ती ठेवायला जागाही होती आणि विचारणारेही कोणी नव्हते. आम्ही भाचरे सुट्टीत त्याच्याकडे जायचो ते त्याला भेटायला की पेटीला, हा प्रश्न आई दरवर्षी विचारायची.

या यंत्राला स्वतःचे आकडे लक्षात राहत नाहीत. वीज गेली की सर्वांत मोठा स्कोअर पुन्हा शून्य. म्हणून मामा ते मागच्या लाकडी दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहून ठेवायचा. नाव, तारीख, आकडा. माझे नाव तिथे सहा वेळा आहे आणि त्यातली एक नोंद, ४,२७०, मामाने खोडून पुन्हा लिहिली आहे, कारण मी त्याला अंधारात ठेवून दोन माणसांचा गेम एकटीने खेळले होते. शिक्षा काय, तर तारखेपुढे एक बारीक प्रश्नचिन्ह. ते अजून आहे.

पुढे यंत्र बंद पडले, मग मागच्या खोलीत गेले, मग त्या खोलीचे छप्पर गळू लागले आणि दोन पावसाळे कोणाच्या लक्षातच आले नाही. ही चूक आमचीच. मी दार उघडले तेव्हा पेटीचा तळ भिजलेल्या बिस्किटासारखा फुगलेला होता. पार्टिकल बोर्ड एकदा पाणी प्यायला की पुन्हा पूर्वीसारखा होत नाही, त्यामुळे तळ आणि दोन्ही बाजूंची खालची चार बोटे कापून तिथे प्लायवूड बसवावे लागले. सुताराला मी वरच्या भागाला पॉलिश पेपर लावू दिला नाही. बाजूवरचे चित्र ठिकठिकाणी उडाले आहे, ते तसेच आहे. मागच्या दारालाही खालून ओल चढली होती. ते वजनाखाली दाबून महिनाभर सावलीत वाळवले. तरी शेवटच्या दोन नोंदी फुगलेल्या भुशात विरल्या. कोणाच्या होत्या ते मामालाही आठवत नाही.

सुतारकाम सोपे होते, खरे काम आत होते. मेकॅनिकने पहिला नियम घालून दिला: बोर्ड सोडवून ठेव आणि पॉवर सप्लाय एकटा चालवून मीटर लाव. या बोर्डावरच्या इंटेल ८०८० प्रोसेसरला तीन व्होल्टेज लागतात, अधिक पाच, उणे पाच आणि अधिक बारा. आमच्याकडे उणे पाचच्या जागी मीटर शून्य दाखवत होते. बोर्ड तसाच जोडून ‘बघू काय होते ते’ म्हटले असते, तर ज्या चिप चांगल्या होत्या त्याही गेल्या असत्या. बहुतेक यंत्रे अशीच मरत असावीत, घाईने. आणि मग त्यांना निकामी म्हणायला आपण मोकळे.

चिप ज्या सॉकेटमध्ये बसवलेल्या असतात ती ओलीने हिरवी पडली होती. मी रॉमच्या, म्हणजे गेमचा प्रोग्राम साठवलेल्या, चिप एकेक करून उपसल्या आणि तिसरीचा एक पाय माझ्या हातात आला. केसाएवढा पाय, पण त्याच्याशिवाय चिप आंधळी. त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने भिंग डोळ्याला लावले, रेझिस्टरच्या पायाचा एक तुकडा कापला आणि तुटलेल्या बुंध्याला सोल्डरचा ठिपका देऊन तो उभा केला. “याला कृत्रिम पाय म्हणायचं,” एवढेच बोलला. सॉकेट नवी घातली. अजून चालते आहे.

मग एक फजिती. ट्यूब पेटीबाहेर काढून टेबलावर चालवली तर चित्र उमटले, पण अक्षरे उलटी! डावीकडचे उजवीकडे. एक अख्खी संध्याकाळ मी वायरी तपासत बसले. या नमुन्याच्या पेटीत ट्यूब खेळणाऱ्याकडे तोंड करून नसतेच, ती खाली असते. तिचे उलटे चित्र वरच्या अर्धपारदर्शक आरशात पडून सुलटे होते आणि आरशापलीकडे रंगवलेला चंद्राचा देखावा दिसत राहतो. म्हणून राक्षस चंद्रावरून उतरताहेत असे वाटते. लहानपणी मी इतका वेळ त्या काचेत पाहिले, पण तो आरसा आहे हे मला कळले नव्हते. रंगही पडद्यात नाहीत. ट्यूब कृष्णधवल, तिच्या चित्रावर रंगीत पारदर्शक पट्ट्या. लेखातल्याप्रमाणे समोर सपाट स्क्रीन ठोकला की आरसा, चंद्र, पट्ट्या, सगळे कचऱ्यात.

चित्राच्या एका भागात आठ-आठ ठिपक्यांच्या अंतराने रेघा होत्या. एक ठिपका म्हणजे मेमरीतला एक बिट; आठ बिटांतला एकच सतत चुकतो आहे, म्हणजे एकच मेमरी चिप गेली आहे, हे मेकॅनिकने रेघा मोजून सांगितले. चिप बदलली, रेघा गेल्या. इथे मला काम संपले असे वाटले होते.

मामाला आता समोरचे मधले दिसत नाही, कडेकडेचे दिसते. त्याला खुर्चीत बसवून मी गेम चालू केला. राक्षस चालताना चार ठोके पडतात, एकाखाली एक उतरत जाणारे, आणि राक्षस कमी झाले की ठोके जलद होतात. ५५ राक्षस असतात आणि प्रोसेसर सेकंदाच्या साठाव्या भागात एकालाच हलवतो, म्हणून सगळी फौज एक पाऊल सरकायला जवळपास सेकंद लागतो. मेलेल्यांवर वेळ जात नाही, त्यामुळे उरलेले धावू लागतात. मामाने दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाला, “तिसरा मधूनच गळतोय गं.” मला काही कळेना. मेकॅनिकलाही कळेना. शेवटी ठोके रेकॉर्ड करून सावकाश ऐकले तेव्हा पटले: वीस-पंचवीस फेऱ्यांत एकदा तिसरा ठोका लागतच नव्हता. त्या ठोक्याचा सूर ठरवणाऱ्या रेझिस्टरच्या पायाशी सोल्डरला तडा गेला होता, गोल, अंगठीसारखा, भिंगाशिवाय न दिसणारा. सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक दोन सेकंद टेकवले.

आणि इथेच माझे लेखाशी खरे भांडण आहे. या गेमचा सगळा प्रोग्राम ८ किलोबाइटमध्ये मावतो आणि त्यात आवाज नाहीतच. प्रोग्राम नुसता इशारा देतो; ठोका, गोळी, स्फोट हे त्या बोर्डावरचे सर्किट त्या क्षणी घडवते. बोर्ड फेकला की आवाज जिथून येत होता ती जागाच गेली. मग जो वाजतो तो आवाजाचा फोटो. मेम नावाच्या प्रोग्रामवर १९९७ पासून लोक असे जुने गेम संगणकावर खेळतात, मीही खेळते आणि त्यांचे उपकार मानते. ज्यांच्याकडे पेटी नाही त्यांनी आणखी काय करावे? पेटी आधीच पोकळ मिळाली असेल, तर तीत खुशाल नवा स्क्रीन बसवावा. पण जिच्या पोटात सगळे जागच्या जागी आहे, ती नुसती चालू होत नाही म्हणून रिकामी करणे याला मी तरी नवे रूप म्हणणार नाही.

निदान एवढे तरी करावे. ट्यूबच्या मानेत, म्हणजे मागच्या निमुळत्या भागात, आतून चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, ट्यूब खरोखरच गेली. आमचा चंदेरी होता. हे तपासायला टॉर्च पुरते, हात लावावा लागत नाही.

आपल्याला विनंती अशी की प्लगसंबंधीची दुरुस्ती येत्या पुरवणीत ठळकपणे छापावी. बाकीच्या गोष्टीत माझा आणि लेखकाचा मतभेद आहे असे समजा.

लेखाच्या शेवटी विचारले होते की एकच गेम असलेली पेटी आज कोण खेळणार. आमच्याकडे रोज संध्याकाळी दोघे खेळतात. बटणे मी दाबते, गोळ्या मामा मोजतो. वरून जी उडती तबकडी जाते ती पहिल्यांदा तेविसाव्या गोळीने टिपली तर ३०० गुण मिळतात आणि त्यानंतर दर पंधराव्या गोळीने. हे मामाला त्या काळी कोणी सांगितले कोण जाणे. काल बावीस झाल्या तरी तबकडी आली नव्हती. मी बटणावरून बोट उचलले, राक्षस अंगावर येऊ दिले. मग आवाज करत ती डावीकडून आली. “आता,” मामा म्हणाला. माझी गोळी तिच्या शेपटीमागून गेली.

“गेली का? असू दे,” तो म्हणाला, “आता पंधरा मोज.”

आपली,
एक वाचक