हातात जागा ठेवा म्हणता, पैसे कुठून आणायचे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला अभियांत्रिकी प्रवेशांवरचा लेख वाचला. सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या निकालाची वाट बघत बसू नका, एखाद्या खासगी विद्यापीठात जागा पक्की करून ठेवा आणि कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांमध्ये, चांगलं कॉलेज लागलं की ती सोडून द्या, असा सल्ला लेखात आहे. पण ती जागा धरायला रोख पैसे लागतात आणि सोडताना ते सहजासहजी परत मिळत नाहीत, याबद्दल अख्ख्या लेखात एक ओळ नाही. लाखभर रुपये ज्यांच्या खात्यात नुसते पडून असतात, तेवढेच पालक तुमचा पेपर वाचतात का?

2024 साली आमच्या थोरलीच्या वेळी आम्ही हेच केलं. बारावीचा निकाल 21 मे रोजी लागला, सीईटीच्या निकालाला 16 जून उजाडला. मधल्या दिवसांत एका अभिमत (डीम्ड) विद्यापीठाने स्वतःच्या परीक्षेवरून तिला कॉम्प्युटरची जागा देऊ केली आणि जूनच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली. तोवर पैसे भरा, नाहीतर जागा पुढच्याला. रोज फोन यायचे. सीईटीचा निकाल लागेपर्यंत थांबा म्हटलं की एकच उत्तर, सिस्टीममध्ये तसं होत नाही.

निकालाचा अंदाज तरी कशावर बांधायचा? परीक्षा अनेक सत्रांत होते आणि पर्सेंटाइल, म्हणजे किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत, ते त्या त्या सत्रातल्या इतर मुलांवर ठरतं. उत्तरतालिकेवरून 200 पैकी मार्क मोजता येतात, पण त्यावरून कुठलं कॉलेज लागेल हे कुणीही छातीठोक सांगू शकत नाही. शेवटी पतसंस्थेत सोनेतारण केलं. सराफाने बायकोच्या पाटल्या कसाला लावल्या, वजन केलं, पिशवीत घालून वर लाखेचं सील मारलं. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. सतरा वर्षांच्या पोरीला हे बघायला लागू नये.

ऑगस्टमध्ये कॅपमधून तिला घराजवळचं चांगलं कॉलेज मिळालं. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली, तीही कॅपमधून प्रवेश घेतला तरच. म्हणजे आमच्यासारख्यांनी कॅपची वाट बघण्यातच शहाणपण होतं. जूनमध्ये हा निर्णय निघालेला नव्हता, पण पैसे भरायची तारीख मात्र जूनचीच होती.

प्रवेश रद्द केल्याचा अर्ज आम्ही ऑगस्टमध्येच दिला. त्या वर्षी यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम स्पष्ट होता. 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत आणि त्यानंतर 31 ऑक्टोबरपर्यंत फार तर हजार रुपये कापायचे. नियमाची प्रत जोडून ईमेल केले. ‘प्रक्रिया सुरू आहे’ यापलीकडे उत्तर नाही. पैसे आले ते दिवाळी उलटल्यावर, तेही ‘प्रोसेसिंग’च्या नावाखाली कापून. पतसंस्थेचं व्याज आम्हीच भरलं. ते कुठल्याच नियमात बसत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की, परताव्याचा नियम पुरेसा नाही. सीईटीचा निकाल आणि कॅपची पहिली फेरी होईपर्यंत राज्यातल्या कुठल्याही संस्थेला, मग ती अभिमत असो की खासगी, फी भरण्याची शेवटची तारीख लावताच येऊ नये. आणि ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाने परीक्षेच्या वेळापत्रकातच निकालाची तारीख छापावी आणि ती पाळावी. अनेक सत्रांचा निकाल लावायला वेळ लागतो हे आम्हाला कळतं. आमचा राग त्या वेळेवर नाही, त्या वेळात जे आमच्या खिशात हात घालतात त्यांच्यावर आहे.

2025 साली धाकटा रांगेत होता. 27 एप्रिलच्या सत्रात गणिताच्या 50 पैकी 21 प्रश्नांचे पर्याय प्रश्नपत्रिकेतच चुकीचे आले आणि त्या मुलांना 5 मे रोजी पुन्हा परीक्षा द्यावी लागली. त्याच दिवशी बारावीचाही निकाल होता! आमचा मुलगा त्या सत्रात नव्हता, पण त्याचा मित्र होता.

जाता जाता आणखी एक. त्या वर्षी सीईटीच्या उत्तरतालिकेवर आक्षेप घ्यायचा तर एका प्रश्नाला हजार रुपये भरावे लागत होते. देशपातळीवरच्या जेईई मेन परीक्षेला हेच काम 200 रुपयांत होत होतं. प्रश्न चुकवायचे कक्षाने आणि दाखवून द्यायला हजार रुपये मोजायचे आम्ही, हा कुठला न्याय? मुलाला दोन प्रश्नांबद्दल शंका होती. आम्ही एकावरच आक्षेप घ्यायचं ठरवलं.

तुमच्याकडून अपेक्षा एवढीच आहे की, असे लेख छापताना शेजारी एक चौकट द्यावी. कोणती संस्था किती रक्कम कोणत्या तारखेपर्यंत मागते आणि गेल्या वर्षी प्रवेश सोडलेल्यांना किती दिवसांत किती परत दिली, हे त्यात असावं. ही माहिती एकेकट्या पालकाला विचारून मिळत नाही, तुमच्या बातमीदाराला मिळेल.

आपला,
एक पालक, सांगली