अपिलात मुलाच्या साक्षीचे मोल

मा. संपादक,

पॉक्सोखालील (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखालील) शिक्षा अपिलात रद्द झाली की 'आरोपी सुटला' एवढेच बोलले जाते. निकालपत्र वाचण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. अपिलाच्या न्यायालयासमोर अत्याचार झालेले मूल उभे नसते, असते ती फक्त त्याची कागदावरची साक्ष. ती विश्वासार्ह असेल तर तिच्या एकटीच्या आधारे शिक्षा कायम राहू शकते, आणि वार-वेळेच्या किरकोळ विसंगतीवरून मुलाला खोटे ठरवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. मात्र मुलाचे वय अठराखाली असल्याचे सिद्ध व्हावेच लागते: शाळेने दिलेला जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. तपासात हा कागद नीट जोडला नाही, तर खरी साक्षही पॉक्सोखाली अपुरी पडते.

मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठाने जानेवारी 2021 च्या निकालात घटना घडल्याचे मान्य केले होते. प्रश्न पॉक्सोच्या कलम 7 मधील स्पर्शाच्या अर्थाचा, म्हणजे कपड्यांवरून केलेला स्पर्श त्यात येतो का, हा होता, आणि तो अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2021 रोजी दुरुस्त केला. स्पर्श नेमका कसा झाला हे मुलाच्या शब्दांवरूनच कळते. म्हणूनच, मुलाचे म्हणणे पहिल्या जबाबापासून त्याच्याच शब्दांत, वऱ्हाडी असो वा गोंडी, जसेच्या तसे नोंदवले जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, धंतोली, नागपूर