आजीच्या अंगठीचं ठरवलंय, पण आधी तुला विचारते

बर्मिंगहॅम, रविवार रात्र

प्रिय आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर नीट सांगता येईना, सारखा आवाज तुटत होता, म्हणून लिहायलाच बसले. काल आम्ही दोघं इथल्या ज्वेलरी क्वार्टरला जाऊन आलो. आपल्या गुजरीसारखाच भाग आहे, खाली सोनारांची दुकानं आणि वर कारागिरांच्या खोल्या. तिथल्या एका वयस्कर कारागिरांनी आजीची अंगठी भिंगाखाली धरली आणि मला म्हणाले, तूच बघ. आई, हिरा धरून ठेवणाऱ्या चार काट्यांपैकी एक झिजून कागदासारखा पातळ झालाय आणि शेजारचा बाहेर वाकलाय! आणि मी दोन महिने ती घालून भांडी घासतेय, पोटात गोळाच आला माझ्या. अंगठी २२ कॅरेटची, म्हणजे शंभरात जवळपास ९२ भाग सोनं, रंग देखणा पण मऊ, बांगडी-पाटल्यांना चालतं, हिऱ्याच्या बारीक काट्यांना नाही. आजीच्या हातात एवढी वर्षं टिकली ती तिने जपली म्हणूनच.

तू म्हणालीस पांढरं सोनं घे, हिरा उठून दिसतो. दिसतो खरा. पण ते सोनं मुळात इतकं पांढरं नसतंच गं, पॅलॅडियम नाहीतर निकेल मिसळून फिकं करतात आणि वरून रोडियमचा मुलामा देतात, रोज घातलं की वर्ष-दोन वर्षांत तो उडतो आणि खालचा पिवळट रंग दिसायला लागतो, की पुन्हा चढवा. शिवाय निकेल म्हटलं की मला बारावीतले ते कानातले आठवतात, कान कसे चिघळले होते, तूच रोज हळद लावायचीस. नकोच ते.

चांदीचा तर प्रश्नच नाही, मऊही आणि काळीही पडते.

बाबा, तुमचं प्लॅटिनम मात्र मला पटलं. त्या कारागिरांनी एकाच मापाच्या दोन रिंगा माझ्या तळहातावर ठेवल्या, एक १८ कॅरेट सोन्याची आणि एक प्लॅटिनमची, डोळे मिटले तरी कळेल इतका वजनात फरक. हजारात ९५० भाग शुद्ध, मुलामा वगैरे काही नाही, आणि ओरखडा पडला तरी धातू फारसा झिजून जात नाही, बाजूला सरकतो, त्यामुळे काटे वर्षानुवर्षं टिकतात. ग्रॅमचा भाव सध्या सोन्यापेक्षा कमीच आहे, पण वजन जास्त भरतं आणि मजुरीही जास्त. सोनं १०६४ डिग्रीला वितळतं आणि हे १७६८ ला, म्हणजे उद्या अंगठी सैल-घट्ट करायची झाली तर आपल्या गल्लीतल्या सोनारकाकांना जमणार नाही. आणि सगळीच प्लॅटिनमची केली तर मग आजीचं त्यात काय राहिलं, फक्त हिरा?

म्हणून आम्ही असं ठरवलंय की फक्त वरचं कोंदण, म्हणजे ते चार काटे, प्लॅटिनमचे करायचे, आणि खालची रिंग आजीच्याच सोन्याची, आटवून १८ कॅरेटची. अंगठी ४ ग्रॅमची आहे, त्यात तांबं-चांदी मिसळून १८ कॅरेटचं, म्हणजे हजारात ७५० भाग सोन्याचं केलं की हिशोबाने ४.९ ग्रॅमच्या आसपास होतं, थोडी घट धरली तरी रिंगेला पुरतं. जुन्या जोडकामाचा डाग (सांधायला वापरलेला धातू) असला तर सोनं ठिसूळ होऊ शकतं, म्हणून ते आधी शुद्ध करून घेणार आहेत, पण दुसऱ्या कुणाच्या सोन्यात मिसळणार नाहीत, हे मी दोनदा विचारून घेतलं. झाली की इथल्या ‘अ‍ॅसे ऑफिस’मध्ये, म्हणजे सोन्या-चांदीची शुद्धता तपासणाऱ्या कचेरीत, तपासून शिक्का मारतात, १७७३ पासूनचं ऑफिस आहे, आणि शिक्का कसला तर जहाजाच्या नांगराचा, या गावाला समुद्र नसताना!

पण आई, आटवायची म्हणजे आजीची अंगठी अंगठी म्हणून राहणार नाही. तुझं मन होत नसेल तर तसं सांग, मी फक्त काटे बदलून घेते. ती तुझ्या आईची आहे, माझ्या आधी तुझी. शुक्रवारपर्यंत त्यांना कळवायचंय.

सैल होते म्हणून आजीने मागच्या बाजूला गुंडाळलेला तो लाल दोरा मी काल रात्री हळूच सोडवला. आतल्या बाजूला अजून हळदीचा पिवळेपणा आहे. डबीत ठेवलाय, येताना घेऊन येते.

तुमची,
छकुली