गुळणी टाकणाऱ्या बाळाच्या आईकडून

सिस्टर,

तुम्हाला मी आठवणार नाही. लसीच्या दिवशी रांगेत रडवेली होऊन उभी होते, हातात अडीच महिन्यांचं बाळ आणि खांद्यावर आंबट वासाचं दुपटं. "प्यायलेलं सगळं बाहेर टाकतंय, पोटात काही राहतच नाही," म्हणाले. तुम्ही बाळाला काट्यावर ठेवलंत, कार्डावरचं मागचं वजन पाहिलंत, आणि माझ्याकडचं कोरडं दुपटं मागून त्यावर दोन चमचे पाणी ओतलंत. डाग पसरत पसरत तळहाताहून मोठा झाला. "दिसतं एवढं, असतं दोन चमचे. वजन छान वाढतंय की."

त्याआधी "तुझं दूधच पातळ" हे इतक्यांदा ऐकलं होतं की मला ते पटलंही होतं. तुम्ही म्हणालात, "दूध पातळ नाही हो, झाकण सैल आहे." अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाचा स्नायू अजून नीट आवळत नाही, त्यात आहार नुसता दुधाचा, घट्ट काहीच नाही, आणि बाळ दिवसभर आडवं. मी ॲसिडिटीचं औषध विचारलं, तर म्हणालात, "त्यानं आम्ल कमी होईल, गुळणी नाही. हसऱ्या, वाढत्या बाळाला ते कशाला?"

मग पाजताना मध्येच थांबून ढेकर काढू लागले, एका वेळी थोडं कमी पण जास्त वेळा पाजू लागले. नंतर 20-30 मिनिटं खांद्याशी उभं धरायचं. खुर्चीत टेकवून बसवलं तर पोट दुमडतं आणि दूध उलट जास्तच वर येतं, हे तर माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. लंगोटही मी करकचून बांधत होते.

एका गोष्टीवर मात्र तुम्ही रागावलात. रात्री मी त्याच्या डोक्याखाली उशी देत होते, दूध घशात अडकेल या भीतीनं. "उशी काढा. उताणं आणि सपाटच झोपवायचं." उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध खालीच परततं, हे तुम्ही बोटांनी दाखवलंत. त्या रात्री मी पहिल्यांदा सलग तीन तास झोपले.

कार्डाच्या मागे तुम्ही पेननं लिहिलेलं अजून आहे: हिरवी उलटी, रक्त, कारंज्यासारखी जोरात उलटी, वजन थांबणं, दूध नको म्हणणं, लंगोट फारसे ओले न होणं. यातलं काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर. माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला लागेल म्हणून इथेही लिहिते.

चौथ्या महिन्यात गुळण्या वाढल्या. वाढतील, असं तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून धावपळ केली नाही. बसायला लागल्यावर कमी झाल्या आणि अकराव्या महिन्यात कधीतरी लक्षात आलं, दोन दिवस झाले, खांद्यावर दुपटंच टाकलेलं नाही.

मनापासून आभार, सिस्टर. त्या दिवशी तुमच्यामागे केवढी रांग होती!