नाना, बोटीवरचा चहा म्हणजे पंगत समज

भुसावळ, रविवार दुपार

प्रिय नाना,

काय रे भो, तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला तेव्हा कुठे कळला, मागे केळीच्या गाडीत घड भरताना हमालांचा एवढा गलका. एवढं समजलं की जावईबापूंनी जूनमधलं तिकीट काढलंय, साउथहॅम्प्टनहून न्यूयॉर्क, क्वीन मेरी २ या बोटीवर, नि तुला सगळ्यात मोठी काळजी दुपारच्या चहाची. पैसे पडतात का, सूट लागतो का, नि आपल्यासारखा चहा मिळतो का. फोनवर सांगायला बसलो तर तू मधेच केळीचे भाव काढशील आणि मूळ गोष्ट राहून जाईल, म्हणून लिहितोय. मी गेलो ती बोट वेगळी होती, पोराबरोबर नॉर्वेकडे गेलो होतो, पण चहाचा प्रकार तोच.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. नाही मिळत. विषय संपला. आलं ठेचून, दूध घालून, तीन उकळ्या काढलेला चहा मनातून काढूनच बोटीवर चढ. मी ३४ वर्षं गार्डाची नोकरी केली, इटारसीपासून नाशिकपर्यंत प्रत्येक स्टेशनचा चहा पोटात गेलाय, तरी पहिल्या दिवशी तिथला चहा पाहून मला वाटलं हे हात धुवायचं पाणी असेल. किटलीत गरम पाणी, त्यात पत्ती, दूध वेगळ्या छोट्या भांड्यात, साखर वेगळी. दूध ओतलं की पावसाळ्यातल्या तापीच्या पाण्यासारखा रंग येतो. त्यातल्या त्यात आसाम माग, दूध पेलेल असा तोच. दार्जिलिंग दुधाशिवाय पितात. अर्ल ग्रे म्हणून एक असतो त्याच्या नादी लागू नको, त्यात बर्गमॉट नावाच्या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचा वास असतो. मला वाटलं कपाला साबण राहिलाय, मी रुमालानं कप पुसला, शेजारच्या बाईला पण सांगितलं की तुमचा पण बघून घ्या. तिनं नम्रपणे हसून दोन घोट घेतले. पोरगं टेबलाखालून माझा पाय दाबत होतं.

पण चहा वाईट म्हणून जाऊ नको असं मुळीच नाही, उलट रोज जा. कारण तो चहा नाहीच, ती पंगत आहे. तुझ्या बोटीवर क्वीन्स रूम म्हणून मोठा हॉल आहे, मधे नाचायची लाकडी फरशी, भोवती टेबलं, साडेतीनच्या सुमारास पांढरे हातमोजे घातलेले वेटर रांगेनं ट्रे घेऊन निघतात आणि बाजूला वादक काहीतरी संथ वाजवत असतात. तू उठून काही आणायचं नाही, बसायचं. एक जण सँडविच घेऊन येतो, त्याच्यामागे दुसरा, मग गोडाचा. हवं का विचारतो, हो म्हटलं की चिमट्यानं ताटलीत ठेवतो, परत फिरून येतो तेव्हा परत विचारतो. अरे आपल्याकडे लग्नात आता सगळे ताट हातात घेऊन रांगेत उभे, नवरीचा बाप सुद्धा पनीर संपायच्या आत धावतो, आणि इकडे समुद्राच्या मध्यात कुणीतरी वाकून विचारतंय अजून एक घेणार का म्हणून. मला वाटलं बरं झालं, वाढपी कुठेतरी तरी शिल्लक आहे. आग्रह मात्र नसतो हां, एकदा नको म्हणालास की तो पुढे गेला. आपल्यासारखं नको नको म्हणत ताटावर हात आडवा धरायचा आणि मनात हो ठेवायचं, हे चालणार नाही. मी पहिल्या दिवशी तसंच केलं नि उपाशी उठलो.

याचे पैसे तिकिटातच असतात. शॅम्पेन घेतली तर वेगळं बिल, ती तू घेणार नाहीस हे वहिनींसमोर तरी धरून चालतो. टेबलावर टिप ठेवू नको, रोजची सर्व्हिसची रक्कम बोटीच्या खात्यात आपोआप लागते, जावयाला विचारून ठेव ती तिकिटात धरलीय का. सूट दुपारी नको, साधा शर्ट पँट नि बूट बास, फक्त हाफ पँट नि स्लिपर घालून जाऊ नको. थाट संध्याकाळी सहानंतर. आणि दुपारचं जेवण अर्धंच जेव रे. तू वरणभाताशिवाय उठत नाहीस मला माहिती आहे, पण पोट भरून गेलास तर डोळ्यांनीच खावं लागेल.

आणि जावयाला सांग त्याला हाय टी म्हणू नको. आपल्याकडे रिटायरमेंटच्या पत्रिकेवर सुद्धा हाय टी छापतात, माझ्या पण छापलं होतं. तिकडे हाय टी म्हणजे कामगार माणूस कारखान्यातून आला की संध्याकाळी मटण ब्रेड खाऊन वर चहा प्यायचा, ते. हा दुपारचा चहा बड्या घरचा. बेडफर्डची डचेस होती ॲना म्हणून, १८४० च्या सुमारास तिला दुपारी चार वाजता भूक लागायची, रात्रीचं जेवण आठनंतर, मग ती खोलीत चहा नि ब्रेड बटर मागवू लागली, मैत्रिणींना बोलवू लागली, तिथून ही पद्धत पडली असं सांगतात. गंमत बघ, तुझ्या बोटीची कंपनी कुनार्ड, तिची पहिली बोट ब्रिटानिया पण १८४० मध्येच लिव्हरपूलहून निघाली, आणि त्या बोटीवर ताज्या दुधासाठी चक्क एक गाय ठेवलेली होती. अटलांटिकमध्ये गाय! आपण बैलाला गाडीत चढवताना केवढा तमाशा होतो आणि ती बिचारी लाटांवर दूध देत होती.

आता खाण्याचं. सँडविच म्हणजे बोटाएवढे तुकडे, कडा कापलेल्या. काकडीचं असतं ते आपलं. पण अंड्याचं, सामन माशाचं, हॅमचं हे सगळे एकाच ट्रेमध्ये शेजारी शेजारी बसलेले असतात आणि वरून ब्रेड सारखाच दिसतो. आमच्या सौंनी गुलाबी काहीतरी दिसतंय म्हणून बीट समजून उचललं, तो मासा निघाला. तिनं काही आरडाओरडा नाही केला, कागदी रुमालात गुंडाळलं नि पर्समध्ये टाकलं, रात्री केबिनमध्ये वास सुटला तेव्हा मला कळलं. चूक आमचीच, विचारायला तोंड होतं. तर वहिनींसाठी पहिल्याच दिवशी सांगून ठेव की शाकाहारी, अंडं पण नको, ते वेगळी ताटली आणतात. वर चकाकणारं जेली मूस वगैरे असलं तर त्यात जिलेटिन आहे का ते विचार, ते जनावरापासून करतात. पेस्ट्रीत अंडं बहुतेक असतंच.

स्कोन मात्र तुला जमणार. दिसायला थेट आपली बट्टी, तळलेली नव्हे, भाजलेली, जराशी गोडसर. माझा हात लगेच चुरायला गेला, शप्पथ सांगतो, वरण कुठाय म्हणून नजर पण फिरवली. चुरायची नाही. हातानं आडवी उघडायची, दोन्ही अर्ध्या भागांना जॅम नि क्रीम लावायचं, पुन्हा मिटवायची नाही. क्रीम म्हणजे क्लॉटेड क्रीम, दूध मंद आचेवर खूप वेळ तापवून थंड केलं की वर जी जाड साय धरते ती. इंग्लंडातल्या कॉर्नवॉल भागाच्या क्रीममध्ये कमीत कमी ५५ टक्के स्निग्धांश असावा असा नियमच आहे, तुझ्या जाफराबादी म्हशीनं पण लाजावं. आणि यावर तिकडे भांडण आहे, डेव्हनवाले आधी क्रीम मग जॅम लावतात, कॉर्नवॉलवाले आधी जॅम मग क्रीम, आणि दोघं एकमेकांना अडाणी समजतात. भरीत बामणोदच्या वांग्याचं की असोद्याच्या, यावरून आपल्याकडे जेवढं होतं तेवढंच. मी दोन्ही करून पाहिलं, आधी जॅम बरा वाटला, क्रीम वर राहिली की जिभेला आधी साय लागते. तू तुझं बघ. पण स्कोनला वर अंडं लावलेलं असू शकतं, वहिनींना तेवढं विचारून दे.

टेबल आठ माणसांचं मिळालं तर बस. जावई म्हणेल आपण चौघंच बसू, ऐकू नको. मी एका म्हाताऱ्या स्कॉटिश जोडप्याबरोबर बसलो, तो पण रेल्वेतला निघाला, सिग्नलमधला. त्याचं इंग्रजी मला अर्धं कळत होतं नि माझं त्याला त्याहून कमी, तरी आम्ही सिग्नल कसा पडायचा ते चमच्यानं एकमेकांना दाखवत बसलो. तू केळीवर बोल. फक्त एक, जुने कोळी लोक बोटीवर केळं नेणं अपशकुन मानायचे म्हणे, त्यामुळे सावद्याचा केळीवाला आलाय हे सांगताना जरा तोंड बघून सांग.

लवकर जा, तीन वीसलाच. वाटेत बंदरावर न थांबता रोज समुद्रच असलेली ही वारी, त्यामुळे सगळे दोन हजारांवर प्रवासी बोटीतच असतात, नि खिडकीजवळची टेबलं आधी भरतात. बोट साधारण ३४५ मीटर लांब आहे, म्हणजे आपल्या एक्स्प्रेसचे चौदा डबे, तू तुझ्या केबिनमधून चालत येईपर्यंत गुडघे बोलतील.

आणि घड्याळ. न्यूयॉर्ककडे जाताना वाटेत पाच वेळा घड्याळ एकेक तास मागे घ्यावं लागतं. पहिल्या दिवशी तू साडेतीनला स्कोन मोडशील तेव्हा सावद्यात रात्रीचे आठ वाजलेले असतील, शेवटाकडे मध्यरात्र उलटून गेलेली. तेव्हा तो व्हिडिओ कॉल लावून मला ताटली दाखवू नको, फोटो काढून ठेव.

बाकी बॅगेत चहा पावडर, मसाला नि गूळ घाल, केबिनमध्ये किटली असते, दुधाची छोटी पाकिटं पण असतात, सकाळचा जीव त्यावर राहतो. पाणी तापवायचा रॉड मात्र नेऊ नको, आगीच्या भीतीनं काढून घेतात, मी नेला होता नि उतरताना परत घ्यायला रांगेत उभा राहिलो. ज्वारीचे बिबडे ने, भाकरीचं कळण्याचं पीठ नको, त्याचं तू तिथं करणार काय. आणि न्यूयॉर्कला उतरताना बोटीवरचं केळं खिशात ठेवून उतरू नको, ताजी फळं तिथं आत नेऊ देत नाहीत, तुला तर हमखास मोह होणार.

मला येताना क्लॉटेड क्रीम वगैरे काही आणू नको, टिकत नाही. त्या दुपारच्या चहाचा छापील मेनू मिळाला तर तेवढा घडी न घालता आण, माझा सौंनी त्या माशाबरोबर गुंडाळून टाकला होता.

तुझा,
अण्णा