तोंड वाकडं नाही म्हणून गाफील राहू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तोंड एका बाजूला वाकडं झालं की घरात लगेच धावपळ सुरू होते, पण चेहऱ्याच्या दोन्ही बाजू एकदम लुळ्या पडल्या तर तोंड वाकडं होतच नाही आणि तिथेच सगळे फसतात.

आमच्या सिडकोत शेजारच्या वहिनींचं तसंच झालं. चेहऱ्यावर ना हसू ना राग, घरच्यांना वाटलं रुसल्यात. मग चहा ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांतून गळायला लागला, पाणी मागताना 'प' नीट उमटेना, झोपल्या तरी डोळे अर्धे उघडे. त्यात पायाला मुंग्या. आधी एकाने टेन्शनच्या गोळ्या दिल्या, कुणी कबुतराचं रक्त चोळा म्हणालं (हे अजून चालतं!), शेवटी न्यूरोच्या डॉक्टरांनी पाहिलं तर जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम, यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते), 2025 च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रोडकडे ज्याचे एवढे पेशंट सापडले तोच. यात श्वासाचे स्नायूही लुळे पडू शकतात म्हणून घरी थांबायचंच नाही, अॅडमिट होऊन आयव्हीआयजी (शिरेतून दिलेल्या अँटिबॉडीज) किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं हाच इलाज, स्टिरॉइडचा यात उपयोग नाही. वहिनी आता बऱ्यापैकी सावरल्यात.

चेहऱ्याच्या लकव्याच्या शंभर पेशंटमध्ये दोन्ही बाजूंचे जेमतेम एखाद-दोन असतात, पण त्यामागे बहुतेक वेळा दुसरा आजार लपलेला असतो. शुगर, एचआयव्ही, मेंदूच्या आवरणाचा टीबी, सार्कॉइड (अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होणारा आजार), क्वचित ब्लड कॅन्सर, डोक्याला मार. कुष्ठरोगातही डोळे मिटेनासे होतात, आणि त्याची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात तरी लोक लाजून जात नाहीत, याचं फार वाईट वाटतं. साधा बेल्स पाल्सी, म्हणजे ठोस कारण न सापडणारा चेहऱ्याचा लकवा, दोन्हीकडेही होऊ शकतो, पण हे सगळं तपासून झाल्यावरच तसं म्हणायचं, आणि त्यात स्टिरॉइड पहिल्या 72 तासांत सुरू झालं तर फायदा जास्त.

कारण काहीही निघो, डोळे त्याच दिवसापासून जपायचे. दिवसा ड्रॉप, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने बंद, नाहीतर बुबुळ कोरडं पडून जखम होते आणि नजर जाऊ शकते.

मनपाच्या दवाखान्यांत एवढं तरी पोस्टर लावा: डोळे घट्ट मिटा, गाल फुगवा, दात दाखवा. अचानक हे जमेनासं झालं तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलला जा.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक